दर पट्टीला

प्रिय बाबू,

परवा गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या ओट्यावर तू विचारलंस, "काका, पैशाचं शिकायचं तर कोणतं पुस्तक घेऊ?" तिथं चारचौघांत नीट बोलता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

तू मागवलेली दोन्ही पुस्तकं चाळीसएक पानांवर अडली म्हणालास. अडणारच. ती एक तारखेला पगार होणाऱ्या माणसासाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, कापसाचा वेच्यावेच्यानं, तुरीचा त्याच्याही नंतर, आणि मृगाच्या तोंडावर सगळा एकदम जातो. म्हणून हातात पेन्सिल घेऊन वाच. "दर महिन्याला दहावा हिस्सा बाजूला टाका" असं दिसलं की समासात लिही, "दर पट्टीला." अडत्यानं पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची पावती, हाती दिली की घरी यायच्या आधी तो हिस्सा बँकेत टाकायचा. "सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा" असं असलं तर तिथं लिही, "पुढच्या खरिपाचं बियाणं, खत आणि माल निघेपर्यंतचा किराणा." हा आकडा तुला तुझ्या मायनंच सांगावा लागेल. घरचा खर्च तिच्याइतका कोणालाच ठाऊक नसतो.

आणि नवं काही मागवण्याआधी आठवीचं गणिताचं पुस्तक काढ. चक्रवाढ व्याजाचा धडा पुन्हा कर. सोसायटीचा गटसचिव म्हणून मी कितीतरी वर्षं कर्जाची खाती लिहिली. वावराच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वितभर हिशोब सांगणारी माणसं घेतलेल्या कर्जाचा वर्षाचा दर मात्र सांगू शकत नसत. सावकाराचं शेकडा तीन ऐकायला किती लहान वाटतं! पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. ५०,००० रुपये घेतले तर वर्षाला १८,००० नुसतं व्याज. पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं, म्हणजे तेवढ्याच रकमेवर ३,५०० आणि वेळेत फेडलं तर केंद्राच्या व्याज सवलतीमुळे ४ टक्क्यांनी २,०००. शेकडा तीनचं व्याज थकून मुद्दलात चढत गेलं तर रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागेल ते काढायला ७२ ला दरानं भागायचं, इथं ३ नं. २४ महिन्यांत रक्कम दुप्पट. बहिणीच्या लग्नाला मीही असेच पैसे उचलले होते. घेण्याआधी कागदावर मांडलं नाही, आणि तीन हंगामांचा कापूस त्या व्याजातच गेला. अजूनही जीव हळहळतो.

तेवढं पक्कं झालं की बचत, विमा, म्युच्युअल फंड यांवरची पुस्तकं खुशाल वाच. वर्षभरात पैसे दामदुप्पट करून देतो असं कोणी म्हणालं, मग तो जवळचा सोयरा का असेना, त्याला तोच ७२ चा हिशोब विचार.

आता वाचनाचं. नुसती पैशाचीच पुस्तकं वाचू नकोस, कंटाळशील आणि सगळंच सुटेल. गोष्टी वाच, प्रवासवर्णनं वाच, शिकाऱ्यांच्या आठवणी वाच. तुझे आजोबा रोज जेवण झाल्यावर ओसरीवर तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचा एक अध्याय वाचायचे. ४१ अध्याय संपले की पुन्हा पहिला. वाचता वाचता मध्येच थांबून हसायचे, नाहीतर "हे पाय बाप्पा, काय सांगतलं!" म्हणून सगळ्यांना बोलवायचे. त्यांना ते पाठच होतं, तरी वाचायचे. मला वाचनाचा नाद लागला तो तिथं, त्या कंदिलाजवळ.

तू सध्या रानडुकरांच्या भीतीनं जागलीला जातोस. मचाणावर मोबाइल पाहत बसण्याऐवजी एक पुस्तक झोळीत टाक. बॅटरीच्या उजेडात दहा पानं होतात. मधूनमधून डबा वाजवायला उठावं लागेल, तर पुस्तकात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, पान घालून ठेव. झोप येऊ न देणारं पुस्तक निवड, म्हणजे दोन्ही कामं होतील.

आठवीचं गणित माझ्याकडे आहे. बुधवारी बाजाराला येशील तेव्हा गेल्या दोन वर्षांच्या सगळ्या पट्ट्या घेऊन ये, कृषी केंद्राची उधारीची वहीसुद्धा. दुपारचं जेवण इथंच कर. काकूला भाकरी आणि झुणका करायला सांगून ठेवतो.

तुझा,
काका