स्टीव्ही वंडर ऐकायचाय? इथून सुरुवात कर

हिट गाण्यांच्या याद्यांमागे लागू नकोस. या अमेरिकन गायक-संगीतकाराचा 1973 चा ‘इनरव्हिजन्स’ हा अल्बम काढ आणि थेट ‘लिव्हिंग फॉर द सिटी’ लाव. सोल, गॉस्पेल, फंक या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतशैली, वर सिंथेसायझर, सगळं एकाच गाण्यात, आणि वाद्यं त्याने एकट्याने वाजवलेली! रेडिओसाठी कापलेली आवृत्ती मात्र टाळ, कारण त्यात गाण्याचा गाभाच गायब आहे. सात मिनिटांची पूर्ण ऐक, हेडफोन लावून. मिसिसिपीतल्या गरीब कृष्णवर्णीय घरातला मुलगा न्यूयॉर्कला उतरतो आणि उतरल्या उतरल्या अडकतो. अटक, दहा वर्षांची शिक्षा, सगळं मध्येच नाटकासारखं ऐकू येतं. त्यानंतरचा गाण्यातला आवाज नीट ऐक: मुद्दाम घोगरा, खरवडलेला. शब्द सगळे नाही कळले तरी बिघडत नाही, संताप कळतोच. मग त्याच अल्बमवरचं ‘हायर ग्राउंड’ घे. प्रेमगीतं नंतर.