धरणाच्या काठावरचा उतार स्थिर आहे का, हे कसं ओळखायचं?

मुकणे धरणाच्या काठाला तुमचं शेत आहे, पाणी उतरलं की काठालगत लांब भेग दिसते आणि वरच्या बाजूला घर बांधायचंय, असं तुम्ही लिहिलंय. नाशिकमध्ये माती आणि पाया तपासण्याचं काम करतो, त्यावरून सांगतो: घराचं तूर्त थांबवा, आधी ती भेग बघा.

धरण तुडुंब भरलं की लोकांना धास्ती वाटते, पण पाणी उतरताना काठाची जास्त काळजी घ्यावी लागते. भरलेलं पाणी उताराला बाहेरून टेकू देत असतं. आवर्तन (शेतीसाठी कालव्याला सोडलेलं पाणी) सुटून पातळी भराभर खाली गेली की टेकू निघतो, मातीत मुरलेलं पाणी मात्र तेवढ्या लवकर निथळत नाही. मुरूम लवकर मोकळा होतो, चिकण मातीत पाण्याचा दाब बरेच दिवस टिकतो आणि उतार घसरू शकतो. इटलीतल्या वायोंत धरणात ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर जलाशयात घसरला, तेव्हा पातळी खाली आणणंच चालू होतं. धरणाची भिंत उभी राहिली, पण तिच्यावरून गेलेल्या लाटेने सुमारे दोन हजार माणसं नेली.

काळी माती उन्हात तडकते तेव्हा भेगांचं जाळं पडतं, ते शेतभर दिसतं. घसरणीची भेग वेगळी असते. ती काठाला समांतर किंवा कमानीसारखी वाकलेली असते आणि पाण्याकडची कड जरा खचलेली असते. हाताने चाचपलं तरी ती पायरी लागते. भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका आणि दर आठवड्याला टेपने अंतर मोजून वहीत तारखेसह लिहा. धरणाची पातळीही शेजारी लिहा. पातळी उतरताना अंतर वाढत असेल, तर उतार सरकतोय. पायथ्याशी जमीन फुगली, झाडं कलली किंवा झऱ्याला गढूळ पाणी आलं, तर खुंट्यांची वाट बघू नका.

पुढचं काम भू-तंत्रज्ञाचं, म्हणजे माती आणि खडक तपासणाऱ्या इंजिनिअरचं. आपल्याकडे बेसाल्टच्या दोन थरांमध्ये कधी कधी लाल, मातकट पट्टा असतो. भिजला की तो मऊ पडतो, म्हणून तपासणीसाठी घेतलेलं बोअर त्याच्याही खाली गेलं पाहिजे. पाण्याखालच्या उताराचा सर्व्हे, भिजवलेल्या नमुन्याची कातरण चाचणी (माती किती जोर लावल्यावर घसरते ते बघणारी), भूजलाची पातळी, आणि मग हिशोब: धरण भरलेलं असताना, पाणी झपाट्याने उतरताना, भूकंपात. मातीच्या धरणासाठी पाणी उतरतानाचा सुरक्षा गुणांक (उतार धरून ठेवणारा जोर घसरवणाऱ्या जोराच्या किती पट आहे ते) भारतीय मानकाप्रमाणे किमान १.३ लागतो. वर घर येणार असेल तर मी त्याहून जास्त मागतो.

तोवर भेगेत चिकण माती ठासून भरा, वरच्या भात खाचरांचं पाणी चर काढून दुसरीकडे वळवा. कड खचलेली असेल, तर तहसीलदारांना फोटोंसह लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.