वाचकांचे प्रश्न : थंड लॉब्स्टर आणि पांढरे चाउडर

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो, मूळचे वेंगुर्ल्याचे. गेल्या जूनमध्ये मुलाने आम्हा दोघांना न्यू जर्सीहून बर्म्युडाला जाणाऱ्या क्रूझवर नेले. जहाजाच्या वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाजवळ, मासळीचे एक लहानसे उपाहारगृह होते. काउंटरवर सांगायचे, वेगळे पैसे भरायचे आणि कागदी ताटलीत घेऊन बसायचे, असा साधा कारभार. तिथे ‘लॉब्स्टर रोल’ घेतला, तो फ्रीजमधून काढल्यासारखा थंडगार आणि मसाल्याचा वाससुद्धा नसलेला. ‘क्लॅम चाउडर’ म्हणून जे आले ते तिसऱ्यांची खीर म्हणावी असे. शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन गृहस्थांनी आपला रोल परत पाठवला, कारण त्यांना तो गरम लोण्यातला हवा होता, आणि त्यांच्या पत्नीचे म्हणणे होते की चाउडर लालच असायला हवे. हे लोक मासे असेच खातात, की जहाजावर आपल्या गळ्यात काहीही मारतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेला रोल बिघडलेला नव्हता. तो अमेरिकेच्या ईशान्य टोकाच्या मेन राज्याच्या पद्धतीचा होता आणि त्या पद्धतीत तो थंडच असतो. लॉब्स्टर उकडून, कवचातून मांस काढून, ते गार करून त्याचे मोठे तुकडे करतात, त्यांना जेमतेम चिकटेल इतकेच मेयोनीज लावतात आणि वरून चिरलेल्या बनमध्ये भरतात. या बनच्या दोन्ही बाजू सपाट असतात, आणि त्या लोणी लावून तव्यावर खरपूस भाजणे हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे. बाहेर गरम, कुरकुरीत पाव आणि आत गार, गोडसर मांस ही सारी गंमत आहे. आपला बनही थंड होता का, हे आपण लिहिलेले नाही. तसे असेल तर तक्रार रास्त आहे.

शेजारचे गृहस्थ बहुधा कनेक्टिकटचे किंवा त्या बाजूचे असावेत. तिथे याच रोलमध्ये मेयोनीजचा संबंध नसतो, मांस वितळलेल्या लोण्यात गरम करून भरतात. मिलफर्ड गावातल्या पेरीज नावाच्या खाणावळीत १९२९ च्या सुमारास तो पहिल्यांदा विकला गेला, असे सांगितले जाते. दोन्ही राज्ये एकाच किनाऱ्यावरची, मधले अंतर मोटारीने काही तासांचे, आणि तरी एकाचा रोल दुसऱ्याला परत पाठवण्याजोगा वाटतो. आपण वेंगुर्ल्याचे आहात, त्यामुळे याचे आश्चर्य वाटायला नको. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे नसली तर आपल्याकडे जेवणाऱ्याचा चेहरा उतरतो, आणि तीच तिरफळे कोणी पापलेटच्या आमटीत घातली तर रांधणारीला गाव विचारले जाते. जहाजाची चूक एवढीच की मेन्यूवर नुसते ‘लॉब्स्टर रोल’ लिहून, कोणत्या गावचा ते सांगितलेले नसते.

चाउडरचा वाद याहून जुना आहे, आणि मला विचाराल तर अधिक रंजकही. आपण ज्याला खीर म्हणता ते न्यू इंग्लंडचे, म्हणजे मेन, कनेक्टिकट वगैरे ईशान्येकडच्या राज्यांचे चाउडर होय : दूध किंवा साय, बटाटा, कांदा, खारवलेले डुकराचे मांस आणि क्वाहॉग नावाच्या जाड शिंपल्यांचा गर. आपल्याला ते खटकले यामागे मसाल्याचा अभाव तर आहेच, पण दूध आणि मासे यांना आपल्याकडे विरुद्धाहार मानतात, हेही मोठे कारण असावे. आपल्या सारात नारळाचे दूध चालते, गाईचे म्हटले की हात आखडतो. न्यू इंग्लंडला नारळ नव्हता, गाई होत्या.

गंमत अशी की हा पदार्थ जहाजावर परका नाही, उलट तिथे तो आपल्या मूळ जागी परत आला आहे. जुन्या काळी मच्छीमार आणि खलाशी यांच्या शिध्यात खारवलेले डुकराचे मांस आणि दगडासारखी टणक ‘जहाजी बिस्किटे’ असत. मासळी, मांस आणि ही बिस्किटे एका भांड्यात शिजवली की बिस्किटे विरघळून रस्सा दाट होई. चाउडर हा शब्दही मोठ्या हंड्याला असलेल्या ‘शोदिएर’ या फ्रेंच शब्दावरून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आपल्या वाटीबरोबर षट्‌कोनी, लहानशी, फिकी बिस्किटे आली असतील आणि आपण ती कदाचित बाजूला ठेवली असतील. ती त्या जहाजी बिस्किटांची नातवंडे आहेत. ती चुरून वाटीत घालायची असतात.

शेजारच्या टेबलावरच्या बाईंना हवे होते ते टोमॅटोचे लाल चाउडर. त्याला मॅनहॅटनचे नाव मिळाले असले, तरी टोमॅटो घालण्याची सुरुवात ऱ्होड आयलंड राज्यातल्या पोर्तुगीज वस्तीने केली, असे पुष्कळदा सांगितले जाते. ज्या पोर्तुगिजांनी आपल्याकडे मिरची आणली, त्यांच्याच भाईबंदांवर तिकडे टोमॅटोचा आळ आहे. न्यू इंग्लंडच्या लोकांना हा प्रकार इतका झोंबला की १९३९ मध्ये मेनच्या विधिमंडळात एका सदस्याने चाउडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी घालणारे विधेयक मांडले होते. ऱ्होड आयलंडच्या दक्षिण भागात तर दूधही नको आणि टोमॅटोही नको, असा तिसरा, स्वच्छ पाण्यासारख्या रश्श्याचा प्रकार खातात. तेव्हा शेजारच्या दांपत्याचा संसार मोडकळीला आला आहे असे आपल्याला वाटले असेल, तर तसे काही नाही.

आता मसाल्याकडे वळू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मसाला मुळीच नाही हे खरे नव्हे, फक्त तो आणखी दक्षिणेला, मेरीलँड राज्यात भेटतो. चेसापीक उपसागरातले निळे खेकडे तिथे वाफवतात आणि कवचावर लालसर मसाल्याचा जाड थर देतात. ‘ओल्ड बे’ या नावाने विकल्या जाणाऱ्या त्या मसाल्यात सेलरीचे मीठ, काळी मिरी, लाल मिरची आणि पॅप्रिका असते. नाझींच्या छळातून सुटून बाल्टिमोरला आलेल्या गुस्ताव ब्रुन या जर्मन ज्यू मसालेवाल्याने तो १९३९ च्या सुमारास तयार केला. त्याचे आजचे नाव चेसापीकच्या पाण्यातून बाल्टिमोर ते नॉरफोक प्रवासी वाहतूक करणाऱ्या ‘ओल्ड बे लाइन’ या आगबोटींवरून पडले. त्या आगबोटी १९६२ मध्ये थांबल्या, मसाल्याचा डबा राहिला. जहाजावरच्या अशा उपाहारगृहात हा डबा बहुधा आत असतोच. मागितला तर देतात, आणि बटाट्याच्या तळलेल्या कापांवर तो आपल्या गोडा-काळा मसाल्याच्या माणसालाही आवडतो, असा माझा अनुभव आहे.

फसवणुकीच्या शंकेबद्दल स्पष्ट लिहितो. फसवणूक नाही, पण उणेपणा आहे. क्रूझ जहाज वाटेत मासे पकडत नाही. हजारो माणसांचा आठवड्याचा शिधा निघतानाच भरला जातो आणि मासळीचा मोठा हिस्सा गोठवलेला असतो. लॉब्स्टर मेल्यावर त्याचे मांस फार लवकर बिघडते, म्हणून किनाऱ्यावर तो जिवंत उकडतात. जहाजावर येते ते आधीच उकडून, सोलून, गोठवलेले मांस. मसाल्याने झाकण्याजोगे काही नसलेल्या या पदार्थात गोठवणुकीची खूण लगेच जिभेवर येते. आपल्या आमटीत गोठवलेली कोळंबीही खपून गेली असती. म्हणून माझे मत असे की जहाजावर जे शिजत राहून चांगले होते ते घ्यावे, म्हणजे चाउडर, किंवा जे तळले जाते ते, म्हणजे कॉड वा हॅडक या माशांची भजीसारखी तुकडी आणि माकुलांच्या चकत्या. लॉब्स्टर रोल मात्र मेनला जाण्याचा योग येईपर्यंत राखून ठेवावा. खेकड्याच्या वड्यांबद्दल मी साशंक असतो. अमेरिकेत विकले जाणारे डबाबंद खेकड्याचे मांस मोठ्या प्रमाणावर आग्नेय आशियातून येते आणि त्यात चेसापीकचा वास शोधणे व्यर्थ आहे.

शिवाय आपण बर्म्युडाला उतरला होतात! तिथले चाउडर माशांचे असते. टोमॅटो आणि माशाच्या डोक्या-काट्यांचा अर्क यांत शिजलेल्या या गडद रश्श्यात, टेबलावर बसल्यावर, शेरी मद्यात मुरवलेल्या मिरच्यांचे पाणी आणि काळी रम हे दोन्ही आपल्या हाताने शिंपडायचे असते. आपल्या पत्रातला मसाल्याचा सगळा दुष्काळ त्या एका वाटीने संपला असता. मद्य वर्ज्य असेल तर मागवण्यापूर्वीच विचारावे, कारण काही ठिकाणी रम शिजवतानाच घातलेली असते. माशाचा तळलेला तुकडा मनुकांच्या गोड पावात घालून खाण्याचीही तिथे रीत आहे. ऐकायला विचित्र वाटते, खाल्ल्यावर वाटत नाही.

प्रश्न : परदेशी लॉब्स्टर आणि आपली शेवंड एकच का? माझा जावई म्हणतो एकच, मी म्हणते नाही.
– एक वाचिका, मालवण

उत्तर : आपण आणि जावईबापू, दोघेही थोडे थोडे बरोबर आहात. मेनच्या लॉब्स्टरला पुढे दोन जाडजूड नांग्या असतात आणि नांग्यांतले मांस सर्वांत नाजूक मानतात. आपल्या शेवंडीला नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात आणि खाण्याजोगे मांस मुख्यतः शेपटीत असते. हे दोन प्राणी वेगळ्या कुळांतले आहेत. मात्र कॅरिबियन समुद्रातला आणि बर्म्युडाचा काटेरी लॉब्स्टर हा आपल्या शेवंडीचा सख्खा भाऊ आहे, दोन्ही पॅन्युलिरस या एकाच प्रजातीतले. त्यामुळे जहाजाच्या मुख्य भोजनगृहात ‘लॉब्स्टरची रात्र’ असेल आणि ताटात नुसती शेपटी आली, तर ती पुष्कळदा उष्ण समुद्रातल्या, म्हणजे शेवंडीच्याच जातकुळीतल्या लॉब्स्टरची असते. तेव्हा जावयाचे म्हणणे मान्य करावे, आणि नांगी आली तर आपले खरे करावे. बर्म्युडात त्याची पकड एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते, जशी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते.

प्रश्न : घरात मी मासे खाते, यजमान शुद्ध शाकाहारी आहेत आणि सासूबाई मासे खातात पण डुक्कर किंवा गाय कदापि नाही. तिघांनी अमेरिकेहून निघणाऱ्या क्रूझवर जायचे ठरते आहे. अशा मासळीच्या उपाहारगृहात एकत्र बसता येईल का?
– एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : बसता येईल, पण सर्वांत जपावे लागेल ते सासूबाईंना, यजमानांना नव्हे. यजमानांना काय टाळायचे हे ठाऊक असते. मासे खाणारा माणूस मात्र माशाच्या पदार्थात डुक्कर असेल अशी शंका घेत नाही. वर सांगितल्याप्रमाणे न्यू इंग्लंडच्या चाउडरची सुरुवातच खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या किंवा बेकनच्या चरबीत कांदा परतून होते. मेन्यूवर ते लिहिलेले असेलच असे नाही, म्हणून त्या चाउडरला सासूबाईंनी हात लावण्यापूर्वी विचारावेच. शिंपल्यांवर भाजलेला चुरा घालून येणाऱ्या ‘क्लॅम्स कसिनो’ या पदार्थातही बेकन असते.

यजमानांसाठी बटाट्याचे तळलेले काप हा उघड पर्याय वाटतो, पण लहान काउंटरवर ते पुष्कळदा माशांच्याच तेलात तळले जातात. सीझर सॅलडवरच्या दाट सॉसमध्ये आणि वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे मासे असतात, हेही लक्षात असू द्यावे. यजमानांनी आपले ताट शेजारच्या बुफेमधून घेऊन आपल्या टेबलावर यावे, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही.

रात्रीच्या मुख्य जेवणाची चिंता करू नये. मुदपाकखान्यात भारतीय स्वयंपाकी नाहीत असे मोठे जहाज विरळाच. गोव्यात तर तारवटी हा शब्द घराघरात आहे, पिढ्यानपिढ्या माणसे बोटीवर जात आली आहेत. पहिल्याच संध्याकाळी वाढप्यांच्या मुकादमाला तिघांचे नियम वेगवेगळे सांगावेत. ‘आम्ही भारतीय जेवण घेतो’ एवढेच सांगितले तर तिघांनाही शाकाहारी ताट येईल आणि आपण सासूबाईंच्या रोषाला पात्र व्हाल.

प्रश्न : जहाजावर कच्ची कालवे बर्फावर मांडून ठेवतात. ती खावीत का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : मधुमेह, यकृताचा विकार किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती असेल तर खाऊ नयेत. उबदार पाण्यातल्या कालवांत व्हिब्रिओ जातीचे जीवाणू असू शकतात आणि अशा माणसांना त्यांचा संसर्ग प्राणघातक ठरू शकतो. लिंबू पिळल्याने किंवा तिखट सॉस घातल्याने ते मरत नाहीत, हा गैरसमज दूर करावा. परदेशांतून फिरून अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या क्रूझ जहाजांची तिथली आरोग्य यंत्रणा अचानक तपासणी करते, १०० पैकी गुण देते आणि ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास ठरते. हे गुण सर्वांना पाहता येतात. पण ती परीक्षा जहाजाच्या स्वच्छतेची असते, कालव ज्या खाडीतून आले त्या खाडीची नव्हे. धडधाकट माणसाने हौस म्हणून एखादे खाल्ले तर माझी ना नाही. मी स्वतः ती शिजवून, कांदा-खोबऱ्याच्या वाटपात खाणाऱ्यांपैकी आहे, आणि आपण अलिबागचे असल्यामुळे आपणही तसेच असाल, असा माझा अंदाज आहे.