गिफ्ट उघडून झाली, आता पुढे काय?

प्रश्न : ताई नमस्कार, तुमचं सदर दर वेळी वाचते पण लिहायला पहिल्यांदाच बसलेय. नाताळला आम्ही सगळे एकत्र जमतो, सासूबाई, मोठे दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि आम्ही चौघं. माझी मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६. गेल्या वर्षी झाडाखाली इतकी गिफ्ट होती की पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पंधरा मिनिटांत सगळे कागद फाडून झाले आणि धाकटा म्हणाला, "एवढीच?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यात सासूबाईंनी मुलांसाठी स्वतः विणलेले स्वेटर आणले होते, ते मला दुपारी केर काढताना कागदांच्या ढिगात सापडले. त्या काही बोलल्या नाहीत. यंदा गिफ्ट बंदच करावी असं वाटतंय, पण नवरा म्हणतो मुलं हिरमुसतील, आणि जाऊबाई फार हौशी आहेत, त्यांना कसं सांगू?
– स्वेटर सापडलेली आई

उत्तर : आधी त्या "एवढीच?"बद्दल बोलू, कारण तुम्ही तो फारच मनाला लावून घेतलाय. सहा वर्षांच्या मुलाला कागद फाडायची मजा येत असते आणि ती मजा अचानक संपली म्हणून तो विचारतो, खेळ संपला का, एवढंच. त्याला हावरट ठरवू नका. घाई मोठ्यांनी केलेली असते, सगळं एकदम समोर ओतून.

त्यामुळे गिफ्ट बंद करू नका असंच मी म्हणेन. लहानपणी आमच्याकडे गोठ्याचा एक खोका होता, सगळ्या मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, त्यातल्या एका मेंढराचा पाय तुटलेला आणि त्याला काडेपेटीचा टेकू देऊन उभं करायचं काम दरवर्षी माझं, आणि बाळ येशू कोण ठेवणार यावरून भांडण ठरलेलं. ते मेंढरू मला आठवतं. पण मला सायकल मिळाली तो नाताळही आठवतो, खोटं कशाला बोलू. बाकीच्या वर्षांची गिफ्ट मात्र डोकं खाजवलं तरी आठवत नाहीत. म्हणजे एखादं गिफ्ट राहतं लक्षात, ढीग नाही राहत.

२००२ साली टिम कॅसर आणि केनन शेल्डन या दोन मानसशास्त्रज्ञांनी ११७ लोकांना त्यांचा नाताळ कसा गेला ते विचारलं होतं. ज्यांचा दिवस घरच्यांबरोबर आणि प्रार्थना-उपासनेत गेला ते जास्त खूश होते, आणि ज्यांच्यासाठी खर्च आणि गिफ्ट हेच मुख्य होतं ते कमी. तुमच्या नवऱ्याला दाखवा हवं तर, पण मला विचाराल तर आकड्यांनी नवरे ऐकत नाहीत 😄

करायचं काय, तर प्रत्येक मुलाला एक गिफ्ट, फार तर दोन, आणि एका वेळी एकच उघडायचं, बाकी सगळ्यांनी बघायचं. वाटायचं काम तुमच्या मुलीला द्या. देणाऱ्याने दोन वाक्यं सांगायची, हे का आणलं, कुठे शोधलं. सासूबाईंचा नंबर पहिला लावा, सगळ्यात शेवटी नको, तोवर मुलांचं लक्ष उडालेलं असतं. त्यांना सांगू द्या की बाही दोनदा उसवावी लागली, लोकर कमी पडली, काय असेल ते, आणि स्वेटर तिथेच अंगात घालायचा. चार मुलं असली तरी सकाळ आरामात जाते.

मुलांना सेंट निकोलसची गोष्टही सांगा, सांताक्लॉजचं मूळ तिथलंच. चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, हा बिशप होता. एका गरीब बापाला तीन मुलींच्या हुंड्याची सोय करता येत नव्हती म्हणून याने रात्री गुपचूप त्यांच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या अशी आख्यायिका आहे. ज्याला गरज आहे त्याला द्यायचं आणि नाव कळू द्यायचं नाही, आणि आपण बघा, नावाची चिठ्ठी गिफ्टपेक्षा मोठी लावतो. (हुंडा कशाला असं मुलगी विचारेल, तेही बोला, बरंच आहे.)

आता जाऊबाई. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकू नका, हे अगदी हात जोडून सांगते. फोन करा, आणि त्यांची खरेदी व्हायच्या आत करा. "मुलं लाडावतायत" हे वाक्य चुकूनही नको, त्याचा अर्थ "तुम्ही लाडावताय" असाच ऐकू जातो. त्यांची हौस मारू नका, तिला दुसरं काम द्या, म्हणजे संध्याकाळचे खेळ किंवा मुलांचं छोटं नाटक बसवणं, "हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही वहिनी" म्हणून. हौशी माणसाला कामाला लावलं की खुलतं. तरीही त्या दोन पिशव्या भरून आल्याच तर हसून घ्या, त्यातली काही ६ जानेवारीसाठी बाजूला ठेवा. तीन ज्ञानी लोकांनी बाळ येशूला भेटी आणल्या तो हा सण, स्पेनमध्ये मुलांना मुख्य गिफ्ट याच दिवशी मिळतात.

प्रश्न : मुलाची २५ डिसेंबरला हॉस्पिटलमध्ये ड्युटी आहे, २९ ला येईल. त्याच्याशिवाय सण करायचा जीवच होत नाहीये.

उत्तर : मग त्याच्यासाठी थांबा की. नाताळ २५ ला सुरू होतो, संपत नाही, परंपरेने तो बारा दिवसांचा. रशियात तर जुन्या कॅलेंडरमुळे ७ जानेवारीला करतात. २५ ला प्रार्थना करा, झाड लावा, पण वरचा तारा त्याच्यासाठी ठेवा. आणि व्हिडिओ कॉल दोन मिनिटांचा करा, तो ड्युटीवर असणार, अख्ख्या घराने फोनपुढे रांग लावू नका.

प्रश्न : आम्ही मोठी बारा माणसं. प्रत्येकाने प्रत्येकाला गिफ्ट देण्यापेक्षा सीक्रेट सांता (नावाची चिठ्ठी उचलून प्रत्येकाने एकालाच गुपचूप गिफ्ट द्यायचं) चालेल का? आत्या म्हणतात हे ऑफिसात करतात, घरात नाही.

उत्तर : चालेल काय, धावेल. १३२ गिफ्ट कुठे आणि १२ कुठे! जोएल वाल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने १९९३ मध्ये मांडलं होतं की गिफ्ट घेणाऱ्याला ती वस्तू तिच्या किमतीपेक्षा कमी मोलाची वाटते, साधारण दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी. पण त्याने भावनिक मोल हिशोबात धरू नका असं सांगून विचारलं होतं, म्हणजे वरच्या सासूबाईंचा स्वेटर त्यात बसतच नाही. आत्यांचं म्हणणं बहुधा तेच असावं. चिठ्ठ्या उचला, पण वस्तूबरोबर त्या माणसाला हाताने लिहिलेले चार शब्द द्यायचे असं ठरवा, आणि पहिली चिठ्ठी आत्यांनाच उचलू द्या.