पहिली रंगीत शाल विणताना

पहिल्या शालीसाठी साबुदाण्याची वीण निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. कारण विषम संख्येने टाके घालून प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू केली आणि पुढे एक उलट, एक सुलट असे विणत गेले, की दोन्ही बाजू सारख्याच दाणेदार दिसतात व कडा गुंडाळत नाहीत. रंग बदलताना मात्र नव्या लोकरीची पहिली ओळ शालीच्या दर्शनी बाजूने संपूर्ण सुलट विणावी, अन्यथा जुन्या रंगाचे ठिपके वर डोकावतात आणि पट्ट्याची रेघ तुटक दिसते. मध्यम जाडीच्या लोकरीला ५ मिलिमीटरच्या सुया घ्याव्यात. गडद लाल लोकर फिकट रंगाशेजारी येणार असेल, तर दोन्हींचा १० सेंटिमीटरचा नमुना विणून आधी धुऊन पाहावा; माझी एक पांढरी शाल अशीच गुलाबी झाली, याची हळहळ अजून वाटते.