बावन्नाव्या वर्षी तबला? बसा की!

ताई, या वयात हात वळणार नाही ही भीती आधी काढून टाका. मी सदाशिव पेठेत क्लासला बसलो तेव्हा ४९ पूर्ण होती. ‘तिरकिट’ हा बोल (तबल्यावर वाजणारी अक्षरं) स्वच्छ वाजायला चार महिने लागले, पण वाजलं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांना तीन चेंडू उडवून झेलायला शिकवलं होतं. तीन महिन्यांत त्यांच्या मेंदूतला हालचाल टिपणारा भाग वाढलेला दिसला. सराव सुटल्यावर तो पुन्हा घटला.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- रोज २० मिनिटं बसा. रविवारी तीन तास बसून आठवडा भरून निघत नाही.
- लय कमी ठेवा. बोट चुकलं की तिथंच थांबून तेवढाच बोल दहादा घ्या. घाईत वाजवलेली चूकही हाताला पाठ होते. माझा ‘ना’ हा बोल किनारीऐवजी (तबल्याच्या कडेऐवजी) आत पडायचा, ते वर्षभर निस्तरत होतो.
- झोप पुरी घ्या. शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

क्लासमधल्या दहा वर्षांच्या मुलांशी तुलना नको. कायदे, रेले (ठेक्यापुढच्या अवघड रचना) नंतर बघू. सध्या तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल), तोंडाने म्हणत, हाताने टाळी-खाली (कुठे टाळी, कुठे रिकामा हात) देत.