‘दमानं घे’ मधला दम कुठला?

प्रश्न असा आलाय: “‘दम लागला’ म्हणजे थकलो. ‘दमाने घे’ म्हणजे थकू नकोस, शांतपणे कर. एकाच शब्दाचे असे उलटे अर्थ कसे? की ‘दमाने’तला दम म्हणजे शमदमातला, इंद्रियनिग्रहाचा दम? आणि ऑफिसच्या मेलमध्ये ‘दमाने घ्या’ लिहिलेलं चालतं का?”

शमदमाची शंका रास्त आहे, कारण मराठीत खरोखरच दोन दम आहेत. एक संस्कृत, ‘दम्’ म्हणजे ताब्यात आणणे, वठणीवर आणणे या धातूचा. दमन त्यातलंच. गाडीला जुंपायला अजून शिकवायचा आहे अशा गोऱ्ह्याला संस्कृतात ‘दम्य’ म्हणतात, तेही त्यातलंच. गीतेच्या अठराव्या अध्यायात ‘शमो दमस्तपः शौचं’ येतं तो हा दम. बृहदारण्यकात प्रजापती नुसतं ‘द’ म्हणतो आणि देव त्याचा अर्थ ‘दाम्यत’, म्हणजे स्वतःला आवरा, असा घेतात, तोही हाच. दुसरा दम फारसी. त्याचा अर्थ श्वास, आणि त्यावरून क्षण.

‘दमाने’तला दम माझ्या मते नि:संशय दुसरा. व्युत्पत्ती बाजूला ठेवा, नुसती क्रियापदांची संगत बघा. दम लागतो, दम धरतात, दम खातात, दम टाकतात, दम निघत नाही, चिलमीचा दम मारतात. निग्रह कोणी खात नाही आणि चिलमीतून ओढतही नाही. दमा, बेदम, दमछाक, दमदार हे सगळं त्याच घरातलं. ‘दमसास’ तर गंमतीचा शब्द आहे: दम फारसी, सास आपल्या श्वासाचंच प्राकृत रूप. एकच अर्थ दोनदा सांगितला, कागदपत्र किंवा बाजारहाटासारखा. गाणाऱ्याचा दमसास आपण वाखाणतो तेव्हा ‘श्वासश्वास’ म्हणत असतो. (दमडीला मात्र यात ओढू नका. ती ‘दाम’ या नाण्याची, म्हणजे द्रम्माच्या वंशातली.)

‘दमणे’ या क्रियापदाबद्दल मी थोडा अडतो. ते मला संस्कृत घरातलं, दम्य गोऱ्ह्याच्या गोठ्यातलं वाटतं: आवरला गेलेला, जिरलेला, म्हणून थकलेला. पण दमलेला माणूस धापा टाकतोच, त्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही दम कधीच एक झालेत. ‘सज्जड दम दिला’ हा दम श्वासाशी कसा जोडायचा याची रंगतदार गोष्ट रचता येईल. मी रचणार नाही.

आता उलट अर्थांचं कोडं. मला ते उलटे वाटतच नाहीत. दम ही शिल्लक आहे. ती संपत आली की ‘लागतो’, पुन्हा भरायला थांबलं की ‘खातो’, आणि संपू न देता काम केलं की ते ‘दमाने’ झालं. ‘ने’ इथे करणाचा आहे: श्वासाच्या बेताने, श्वास पुरवून. ‘दमादमाने’ म्हटलं की ते आणखी उघड होतं. त्याच्या समोर ‘एकदम’ ठेवून बघा. तोही फारसी, ‘एका श्वासात’. म्हणजे “एकदम करू नकोस, दमानं कर” या वाक्यात एकच दम दोनदा आलाय: सगळं काम एका श्वासात कोंबू नकोस, पाच-पन्नास श्वासांवर पसर.

हे मला शब्दकोशात कळलं नाही, सिंहगडावर कळलं. दहावीच्या सुट्टीत मामाबरोबर आतकरवाडीच्या वाटेनं निघालो. पहिला टप्पा मी पळतच चढलो आणि एका दगडावर तोंड उघडं टाकून बसलो. मामा मागून आला, हातात छत्री, गेल्या दिवाळीची कुठलीशी हकीकत सांगत. थांबला नाही. “बोलता येईल तेवढंच चढायचं. बोलणं तुटलं की चाल कमी करायची. दमानं ये,” म्हणाला आणि ती हकीकत पुढच्या वळणावर घेऊन गेला. मी आणखी दोनदा पळालो, दोनदा बसलो. पुणे दरवाजापाशी पोचलो तेव्हा त्याचं ताक पिऊन झालं होतं.

म्हणून ‘दमाने’ला ‘हळू’ हा प्रतिशब्द देतात तो मला पुरेसा वाटत नाही. हळू हे वेगाचं किंवा आवाजाचं माप. बिघडलेलं घड्याळ हळू चालतं; ते दमाने चालतं असं कोणी म्हणणार नाही. दमाने करायला घाई करू शकणारा आणि न करणारा कोणीतरी लागतो. मामा माझ्याआधी पोचला, तेव्हा वेगात तो हळू नव्हताच. ‘सावकाश’ जवळचा: स-अवकाश, म्हणजे मोकळी जागा ठेवून. पण ती जागा कामात किंवा वेळात असते, ‘दमाने’तली करणाऱ्याच्या छातीत. आणि ‘सबुरी’ अरबी सब्रवरून आलेली. ती वाट बघणाऱ्याची. निकाल लागायचाय, आपल्या हातात काही नाही, तिथे सबुरी. पेपर समोर आहे, तीन तास आहेत, तिथे दमानं.

स्वयंपाकघरातला दमही हाच बरं का. फारसी ‘दमपुख्त’, दमावर शिजवलेलं. तांदूळ बोटानं दाबला की मोडतो पण आत कणी लागते, अशा बेताला पातेल्यावर झाकण, कडेनं कणकेची वळी, खाली जाड तवा, आच अगदी बारीक. मग हात लावायचा नाही. वाफ आतल्या आत फिरते आणि उरलेलं काम करते. आमच्याकडे झाकण किलकिलं करून बघणाऱ्याला आई म्हणते, “भाताला दम दिलाय, तुला निघेना होय?” दोन दम, एक वाक्य, आणि तिला त्यात श्लेष केल्याचा पत्ताही नसतो.

राहिला मेल. ‘दमाने घे’ मध्ये काय घ्यायचं ते कर्म गाळलेलं आहे, ‘समजून घे’, ‘सबुरीने घे’ यांच्यासारखं. व्याकरणात खोट नाही. पण तो वडीलकीचा किंवा बरोबरीचा शब्द आहे. मामा भाच्याला म्हणेल, मित्र मित्राला. साहेबांना ‘दमाने घ्या’ लिहिलंत तर ते स्वतःला घायकुते म्हटल्यासारखं वाचतील. तिथे ‘सवडीने पाहावे’ लिहा. हाताखालच्या नवीन मुलाला मात्र बेलाशक लिहा, फक्त खाली उद्या सकाळची मुदत टाकू नका.